युरोपियम घातलेला कॅल्शियम टंगस्टेट: लाल फॉस्फर बनवण्यापासून वर्णपट मोजण्यापर्यंत

कॅल्शियम टंगस्टेट म्हणजे दिसायला साधी पांढरी पूड. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली की मात्र निळसर उजळते. खनिजरूपात तिचं नाव शीलाइट. शीलाइट शोधणारे भूशास्त्रज्ञ याच गुणाचा फायदा घेत रात्री लघुलहरी दिवा घेऊन फिरतात. नागपूर जिल्ह्यातला कुही-खोब्ना पट्टा टंगस्टनच्या खनिजांसाठी ओळखला जातो. १८९६ साली एडिसनने क्ष-किरणांच्या फ्लुओरोस्कोपसाठी हाच पदार्थ निवडला आणि पुढे कित्येक दशकं क्ष-किरण फिल्मच्या पडद्यांमध्ये तोच वापरात राहिला.

याच पुडीत थोडं युरोपियम मिसळलं की निळ्याच्या जागी ठसठशीत लाल प्रकाश मिळतो. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला हा फॉस्फर (अतिनील प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश देणारा पदार्थ) फार चांगला: हवेतच भाजता येतो, क्षपणकारी वायू लागत नाही, ९०० अंशांची साधी मफल भट्टी पुरते. पण सोपा आहे म्हणूनच त्यात निष्काळजीपणाही खूप होतो. दोन नमुन्यांपैकी कोणता जास्त उजळतो, याचं खरं उत्तर वजनकाट्यावर आणि खलात ठरतं. स्पेक्ट्रोमीटर ते फक्त वाचून दाखवतो. म्हणून या लेखात जास्त जागा तयारीला आणि मोजणीतल्या फसव्या गोष्टींना दिली आहे.

आत काय घडतं

कॅल्शियम टंगस्टेटची रचना चतुष्कोनी. एकक पेशीची बाजू सुमारे ५.२४ अँगस्ट्रॉम, उंची ११.३८. टंगस्टनभोवती चार ऑक्सिजन आहेत, कॅल्शियमभोवती आठ. अतिनील प्रकाश पडला की टंगस्टेट गटात ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन टंगस्टनकडे सरकतो आणि तो परतताना ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपास शिखर असलेला रुंद निळा पट्टा मिळतो. जवळ युरोपियम असेल तर ही ऊर्जा त्याच्याकडे जाते. म्हणून युरोपियम वाढवत नेलं की निळा पट्टा खाली बसतो आणि लाल रेषा वर येतात. एक टक्क्याचा नमुना दिव्याखाली गुलाबी का दिसतो, त्याचं कारण हेच: निळा अजून पुरता गेलेला नसतो.

युरोपियमच्या रेषा ठरलेल्या जागी येतात: ५८०, ५९२, ६१५, ६५३ आणि ७०० नॅनोमीटरच्या आसपास. ५९२ ची रेषा चुंबकीय द्विध्रुवी आहे, आजूबाजूच्या रचनेचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. ६१५ ची रेषा विद्युत द्विध्रुवी, म्हणजे परिसराबाबत अतिशय हळवी. कॅल्शियमच्या जागेला सममितीचं केंद्र नसल्यामुळे तिथे बसलेल्या युरोपियमची ६१५ ची रेषा ५९२ पेक्षा कितीतरी उंच असते. तुमच्या वर्णपटात दोन्ही जवळपास सारख्या दिसल्या, तर युरोपियम कॅल्शियमच्या जागी बसलंच नाही अशी शंका घ्या.

प्रभाराचा हिशेब

कॅल्शियमचा प्रभार दोन, युरोपियमचा तीन. नुसतं युरोपियम घातलं तर जास्तीचा प्रभार भरून काढायला स्फटिक स्वतःच रिकाम्या जागा तयार करतो आणि या रिकाम्या जागा ऊर्जा गिळतात. उपाय सोपा आहे: जितकं युरोपियम तितकंच सोडियम. दोन कॅल्शियमच्या जागी एक युरोपियम आणि एक सोडियम बसतं.

सोडियमच का, लिथियम किंवा पोटॅशियम का नाही? आठ शेजारी असताना कॅल्शियमची त्रिज्या १.१२ अँगस्ट्रॉम, युरोपियमची १.०६६, सोडियमची १.१८. युरोपियम आणि सोडियम यांची सरासरी १.१२३ येते, म्हणजे जवळजवळ कॅल्शियमच! जाळीवर ताण येत नाही. लिथियम ०.९२ म्हणजे लहान, पोटॅशियम १.५१ म्हणजे फारच मोठं. लिथियमने काही वेळा उजेड वाढतो हे खरं, पण त्यात लिथियम द्रावकासारखं (फ्लक्स, म्हणजे भाजताना कण वाढायला मदत करणारा पदार्थ) काम करून कण मोठे करतं हा भागही असतो. दोन्ही परिणाम वेगळे काढता येत नसतील तर निष्कर्ष जपून लिहावा.

पाच टक्क्यांच्या नमुन्याची वजनं

इथे 'पाच टक्के' म्हणजे कॅल्शियमच्या शंभर जागांपैकी पाच जागी युरोपियम. आणखी पाच जागी सोडियम, उरलेल्या नव्वद जागी कॅल्शियम. तुमच्या शोधनिबंधात हे स्पष्ट लिहा, कारण काही जण हीच टक्केवारी वजनाने मोजतात. ०.०२ मोलच्या घाण्यासाठी (म्हणजे एका वेळी बनवायच्या मिश्रणासाठी):

कॅल्शियम कार्बोनेट १.८०१६ ग्रॅम
टंगस्टन ट्रायऑक्साइड ४.६३६८ ग्रॅम
युरोपियम ऑक्साइड ०.१७६० ग्रॅम
सोडियम कार्बोनेट (निर्जल) ०.०५३० ग्रॅम

एकूण ६.६६७ ग्रॅम. भाजताना ०.८१४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५.८५३ ग्रॅम फॉस्फर उरतो. हा आकडा वहीत आधीच लिहून ठेवा, पुढे कामाला येतो.

कच्चा माल बाटलीतून काढून थेट तोलू नका. युरोपियम ऑक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं. ते ९०० अंशांवर दोन तास भाजून, डेसिकेटरमध्ये गार करून लगेच तोला. सोडियम कार्बोनेट २५० ते ३०० अंशांवर दोन तास, कॅल्शियम कार्बोनेट १५० अंशांवर दोन तास, टंगस्टन ट्रायऑक्साइड ५०० अंशांवर तासभर. शुद्धता किमान ९९.९ टक्के हवी, युरोपियमची ९९.९९. टंगस्टन ट्रायऑक्साइडमधल्या मॉलिब्डेनमकडे विशेष लक्ष द्या: ते थोडं जरी असलं तरी विनाडोप (युरोपियम न मिसळलेल्या) नमुन्याचा निळा प्रकाश पांढुरका-पिवळसर होतो. त्यामुळे विनाडोप नमुना नेहमी सोबत बनवा, तो तुमच्या रसायनांचा साक्षीदार असतो.

डोपिंग, म्हणजे मिसळायचं युरोपियम, कमी असलं की तोलण्यातली अडचण वाढते. एक टक्क्यासाठी सोडियम कार्बोनेट फक्त ०.०१०६ ग्रॅम लागतं. बटर पेपरला एक मिलिग्रॅम चिकटून राहिलं की दहा टक्के चूक झाली. अशा वेळी साठा द्रावण करा. युरोपियम ऑक्साइड १.७५९७ ग्रॅम, त्यात एकास एक पाणी घातलेलं नायट्रिक आम्ल सुमारे ६ मिलिलिटर. फ्यूम हूडमध्ये मंद आचेवर विरघळवा, जवळजवळ कोरडं होईपर्यंत आटवून जादा आम्ल घालवा आणि पाण्याने १०० मिलिलिटरपर्यंत भरा. हे ०.१ मोलर द्रावण झालं. एक टक्क्याच्या घाण्याला याचे नेमके २ मिलिलिटर पुरतात. सोडियमसाठी सोडियम नायट्रेटचं असंच द्रावण करा. द्रावण पुडीवर सोडलं की कार्बोनेटमुळे थोडं फसफसतं. मग १०० अंशांवर वाळवून खलात घ्या. नायट्रेटही उडून जात असल्यामुळे अशा घाण्याला वरचा ०.८१४ ग्रॅमचा हिशेब लागू पडत नाही, तो नव्याने करावा लागतो.

खल आणि भट्टी

अगेटच्या खलात पूड ॲसिटोनने ओली करून ४५ मिनिटं ते एक तास घोटा. ॲसिटोन उडून जाईल तसं पुन्हा घाला, साधारण तीनदा. टंगस्टन ट्रायऑक्साइड जड आहे आणि पिवळट. मिश्रणात पिवळे ठिपके दिसताहेत तोवर घोटणं पुरं झालेलं नाही. चिनी मातीचा खल वापरू नका, तो झिजून सिलिका मिसळते.

रिकामं ॲल्युमिना क्रुसिबल तोला, पूड सैल भरून पुन्हा तोला. दाबून भरू नका, वायूला बाहेर पडायला वाट हवी. झाकण किंचित तिरकं ठेवा. मिनिटाला ५ अंश या वेगाने ६०० अंशांपर्यंत न्या आणि ६ तास ठेवा. या पहिल्या टप्प्यातच बहुतेक टंगस्टन कॅल्शियमशी बांधलं जातं. हा टप्पा गाळून थेट हजारावर नेलं तर मोकळं टंगस्टन ट्रायऑक्साइड उडायला लागतं, दमट हवेत जास्तच, आणि भट्टीच्या गार भागावर पिवळसर थर बसतो. त्या घाण्याचं प्रमाण मग बिघडलेलंच.

गार झाल्यावर क्रुसिबल तोला. घट अपेक्षित १२.२ टक्क्यांच्या जवळ आहे का बघा. कमी असेल तर कार्बोनेट उरलं आहे. जास्त असेल तर टंगस्टन उडालं किंवा कच्चा माल ओला होता. हा दोन मिनिटांचा पडताळा फार थोडे जण करतात, आणि तो एक्स-रे डिफ्रॅक्शनची (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याची) रांग येईपर्यंतचे आठवडे वाचवतो.

पूड पुन्हा अर्धा तास घोटून ९०० अंशांवर ६ तास भाजा आणि भट्टीतच हळूहळू गार होऊ द्या. पूड पांढरीशुभ्र, हाताला सैल लागली पाहिजे. फिकट पिवळी छटा म्हणजे न जुळलेलं टंगस्टन ट्रायऑक्साइड. करडी किंवा निळसर छटा म्हणजे ऑक्सिजनची कमतरता. बहुतेकदा ॲसिटोन नीट उडालेलं नसतं, कागदाचे तंतू पडलेले असतात किंवा झाकण घट्ट बसलेलं असतं. अशी पूड उघड्या क्रुसिबलमध्ये ८०० अंशांवर दोन तास भाजली की बहुतेक वेळा सुधारते. पूड दगडासारखी घट्ट झाली असेल तर तापमान जास्त झालं. ती जोर लावून कुटू नका: कुटल्याने पृष्ठभागावर दोष तयार होतात आणि उजेड घटतो. ५० अंशांनी तापमान कमी करून नवा घाणा लावा.

मालिकेतले सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच भट्टीत, शेजारी शेजारी ठेवून भाजा. भट्टीचं दार आणि मागची भिंत यांच्या तापमानात सहज वीस-तीस अंशांचा फरक असतो, म्हणून सगळी क्रुसिबलं मधोमध. वेगवेगळ्या आठवड्यांत भाजलेल्या नमुन्यांवरून 'इष्टतम प्रमाण' काढलं तर तो आकडा भट्टीचा असतो, युरोपियमचा नसतो.

पाण्यातून बनवायचं असेल तर

सोडियम टंगस्टेट डायहायड्रेट ३.२९८५ ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या चंचुपात्रात कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट २.१२५ ग्रॅम आणि युरोपियमच्या साठा द्रावणाचे ५ मिलिलिटर घेऊन पाणी ५० मिलिलिटरपर्यंत भरा. ढवळत ढवळत दुसरं द्रावण पहिल्यात थेंब थेंब सोडा, पीएच ८ ते ९ राखा. साठा द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे पीएच घसरतो. विरल अमोनियाने सावरा. आम्लात टंगस्टेटचे आयन एकमेकांना जोडून पॉलीटंगस्टेट होतात, आणि पीएच १० च्या वर गेला की युरोपियम हायड्रॉक्साइड होऊन वेगळं खाली बसतं. दोन्हीकडे प्रमाण हुकतं. साका सेंट्रिफ्यूजमध्ये तीन-चार वेळा पाण्याने, एकदा इथेनॉलने धुवा, ८० अंशांवर रात्रभर वाळवा आणि ७०० अंशांवर दोन तास भाजा.

शेवटचं भाजणं टाळू नका. पृष्ठभागावर उरलेले हायड्रॉक्सिल गट युरोपियमची ऊर्जा कंपनांत उधळून टाकतात आणि तेवढ्याने नमुना मंद दिसतो. या पद्धतीत सोडियम द्रावणातून आपोआप शिरतं, पण किती शिरलं ते आपल्या हातात नसतं. धातूंचं प्रत्यक्ष प्रमाण आयसीपीवर (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) तपासल्याशिवाय सूत्र छातीठोकपणे लिहू नये.

डिफ्रॅक्शनमध्ये काय बघायचं

तांब्याच्या किरणांनी मुख्य शिखर २८.७ अंशांच्या आसपास येतं. १८.६, ३१.४, ३४.२ आणि ४७.१ ही बाकीची ठळक शिखरं. २३ ते २४.५ अंशांत तीन लहान शिखरांचा झुबका दिसला तर टंगस्टन ट्रायऑक्साइड उरलं आहे. युरोपियम लहान असल्यामुळे शिखरं उजवीकडे सरकली पाहिजेत, असं सरसकट लिहिलं जातं. पण सोडियम सोबत असेल तर वरच्या सरासरीमुळे सरकणं जवळजवळ दिसतच नाही. न सरकलेलं शिखर म्हणजे डोपिंग झालं नाही असा अर्थ घेऊ नका. सरकण्यावर काही बोलायचंच असेल तर नमुन्यात सिलिकॉनची पूड मिसळून तिच्या शिखरांवरून मोजपट्टी लावून घ्या.

वर्णपट मोजताना

आधी हातातल्या दिव्याखाली बघा. २५४ वर विनाडोप निळा, डोप केलेला लाल. ३६५ वर शुद्ध कॅल्शियम टंगस्टेट उजळत नाही. उजळला तर मिसळ आहे. २५४ चा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो, म्हणून अतिनील रोखणारा चष्मा आणि हातमोजे हवेत.

मग स्पेक्ट्रोमीटर. पुडीचा होल्डर काठोकाठ भरा, क्वार्ट्झच्या काचेने हलकेच सपाट करा. स्लिट, डिटेक्टरचा व्होल्टेज आणि स्कॅनचा वेग पूर्ण मालिकेला एकच ठेवा. सर्वांत उजळ नमुना आधी लावून व्होल्टेज ठरवा. उलट क्रमाने गेलात तर शेवटचा नमुना संतृप्त होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

पहिला स्कॅन उत्तेजनाचा: ६१५ वर लक्ष ठेवून २२० ते ५५०. त्यात २५० ते २८० च्या भागात रुंद पट्टा आणि पुढे ३६१, ३८२, ३९५, ४१६, ४६५, ५३५ या टोकदार रेषा यायला हव्यात. दोन सापळे इथेच आहेत. ३०७.५ वर सुबक शिखर दिसलं तर ते युरोपियमचं नाही: ग्रेटिंगची (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणाऱ्या रेषांकित पट्टीची) दुसरी कोटी, जिथे प्रकाश दुप्पट तरंगलांबीच्या जागी दिसतो, ३०७.५ चा विखुरलेला प्रकाश ६१५ म्हणून पुढे पाठवते. उत्सर्जनाच्या बाजूला ५५० च्या आसपासचा लाँग-पास फिल्टर लावला की ते नाहीसं होतं. दुसरा सापळा जास्त फसवा. झेनॉन दिव्याची स्वतःची एक रेषा ४६७ च्या आसपास आहे, म्हणजे युरोपियमच्या ४६५ ला लागूनच. दुरुस्ती न केलेल्या स्कॅनमध्ये ४६५ ची रेषा खोटी उंच दिसते आणि 'निळ्या एलईडीसाठी उत्तम' असा निष्कर्ष निघतो. रोडामाइन-बीच्या द्रावणाने किंवा उपकरणाच्या संदर्भ डिटेक्टरने दुरुस्ती करूनच उंची वाचा.

उत्सर्जनाचे स्कॅन दोन: ३९५ ने उत्तेजित करून ५५० ते ७२०, आणि २५४ ने उत्तेजित करून ३५० ते ७२०. दुसऱ्यात ५०८ वर शिखर आलं तर तीही दुसरी कोटीच; ३०० च्या आसपासचा फिल्टर लावा. ७०० कडे बऱ्याच डिटेक्टरांची संवेदना घटते, त्यामुळे तिथली रेषा खरी असते त्याहून बुटकी दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. एकच नमुना होल्डरमधून काढा, पुन्हा भरा, पुन्हा मोजा. असं किमान पाच वेळा. या पाच आकड्यांत जो फरक पडेल तीच तुमच्या मोजणीतली चूक. समजा तो आठ टक्के आला, तर पाच आणि सात टक्के डोपिंगच्या नमुन्यांत दिसणाऱ्या सहा टक्के फरकाला काही अर्थ नाही. त्याउलट ६१५ आणि ५९२ च्या रेषांखालच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसतं. दोन्ही रेषा एकाच स्कॅनमधून येतात. म्हणून नमुन्यांची तुलना करताना ते गुणोत्तर जास्त भरवशाचं.

क्षय, म्हणजे उत्तेजन थांबल्यावर प्रकाश विझण्याचा वेग, मोजायचा तर झेनॉन फ्लॅश असलेलं उपकरण पुरतं, कारण युरोपियमचा आयुष्यकाळ मिलिसेकंदाच्या घरात आहे. विनाडोप टंगस्टेटचा निळा प्रकाश मात्र खोलीच्या तापमानाला आठ-नऊ मायक्रोसेकंदांत विझतो, तो या उपकरणाच्या आवाक्याबाहेर. तीव्रतेचा लॉगॅरिदम काळासमोर मांडला आणि सरळ रेष आली तर युरोपियम एकाच प्रकारच्या जागी आहे. सुरुवातीला वाकलेली रेष बहुधा प्रभाराची भरपाई अपुरी असल्याचं सांगते.

किती युरोपियम?

सोडियम सोबत असेल तर मालिका दहा टक्क्यांवर थांबवू नका. ०, १, ३, ५, १०, १५, २०, २५ असे टप्पे घ्या. प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत नेलं तर सोडियम युरोपियम टंगस्टेट हे स्वतंत्र संयुग मिळतं; त्याची रचनाही शीलाइटसारखीच आणि तेही लाल उजळतं. त्यामुळे इथे दाटीमुळे होणारं शमन (युरोपियम जास्त झाल्यावर उजेड घटणं) उशिरा येतं, आणि भरपाई न केलेल्या नमुन्यांत लवकर. वेगवेगळ्या शोधनिबंधांत इष्टतम प्रमाण वेगळं दिसतं, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

शमनाचं क्रांतिक अंतर (शमन सुरू होताना शेजारच्या दोन युरोपियममधलं सरासरी अंतर) काढायला एकक पेशीचं घनफळ ३१२.७ घन अँगस्ट्रॉम आणि पेशीतल्या कॅल्शियमच्या जागा चार घ्या. कमाल उजेड २० टक्क्यांवर आला तर अंतर सुमारे ९.१ अँगस्ट्रॉम निघतं, ५ टक्क्यांवर आला तर १४.४. दोन्ही ५ अँगस्ट्रॉमहून जास्त, म्हणजे ऊर्जा थेट देवघेवीने न जाता बहुध्रुवी आंतरक्रियेने जाते असं मानता येतं. पेशीतल्या जागा आठ धरण्याची चूक सर्रास होते. टंगस्टनच्या जागा त्यात मोजायच्या नाहीत. पुढे लॉग-लॉग आलेख काढून द्विध्रुव की चतुर्ध्रुव हे ठरवायचं असेल तर शमन सुरू झाल्यानंतरचे किमान चार बिंदू हवेत. तीन बिंदूंतून कुठलाही उतार काढता येतो.

एलईडीसाठी दावा करताना २५४ वरच्या उजेडावर भिस्त ठेवू नका. टंगस्टेटचा रुंद पट्टा ३९५ पर्यंत पोहोचत नाही, आणि ३९५ ची रेषा अरुंद नि दुबळी आहे. चिप तापून तिची तरंगलांबी सरकली की शोषण घटतं. टंगस्टनचा काही भाग मॉलिब्डेनमने बदलला तर पट्टा लांब तरंगलांबीकडे येतो, म्हणून मिश्र मॉलिब्डेट-टंगस्टेटवर इतकं काम होतं.

दुसरी मूलद्रव्यं

याच घाण्यात युरोपियम ऑक्साइडऐवजी डिस्प्रोशियम ऑक्साइड ०.१८६५ ग्रॅम घेतलं तर ४८० ला निळी आणि ५७५ ला पिवळी रेषा मिळते. समेरियम ऑक्साइड ०.१७४४ ग्रॅम घेतलं तर नारिंगी-लाल. टर्बियमचा हिरवा ५४४ ला येतो, पण त्याचं तपकिरी ऑक्साइड चार टर्बियम आणि सात ऑक्सिजनचं असतं, वजन ०.१८६९ ग्रॅम, आणि त्यातलं चौप्रभारी टर्बियम तसंच राहिलं तर पूड मळकट होऊन प्रकाश गिळते. ते नायट्रिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइडचे थोडे थेंब घालून विरघळवा आणि रंगहीन द्रावण झाल्यावरच वापरा. सिरियमच्या वाटेला जाऊ नका: त्याचा इलेक्ट्रॉन टंगस्टनकडे सरकतो आणि प्रकाश बाहेर पडण्याआधीच ऊर्जा संपते. तिथे भट्टीचं तापमान किंवा प्रमाण बदलून काही साधत नाही.